सलग चार पिढ्या फक्त माद्या! हा जीवाणू रोग म्हणायचा की सोबती?

पाणकणीस
नमस्कार मंडळी. मी ट्रायकोग्रामा वाढवणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते: गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली ही माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, तिची अळी ते अंडं आतून फस्त करते आणि पीक खाणारी अळी जन्मालाच येत नाही. आम्ही तांदळाच्या पतंगाची अंडी कार्डावर चिकटवून त्यांवर या माश्या सोडतो. चौथ्या दिवसाच्या सुमारास अंडी काळी पडली की काम फत्ते.

दीड महिन्यापूर्वी बाहेरून नवं कल्चर, म्हणजे वाढवायला माश्यांची नवी पैदास आली. नर-मादी प्रमाण बघायचं म्हणून शंभर माश्या मायक्रोस्कोपखाली घेतल्या. नराच्या मिशांवर लांब केसांचा झुपका असतो. मादीची मिशी टोकाला गदेसारखी फुगलेली असते आणि केस आखूड असतात. शंभरांत एकही झुपका दिसला नाही. पुढच्या पिढीतही नाही. आता चौथी पिढी आहे, सगळ्या माद्याच.

सहकारी म्हणतात, कल्चर रोगट आहे, टाकून दे. पण माश्या ठणठणीत आहेत, अंडी नीट काळी पडताहेत. वाचता वाचता वोल्बाकिया या जीवाणूपाशी पोचले, आईकडून मुलीला अंड्यातून मिळणारा. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हाच प्रकार आहे याची खात्री घरच्या घरी म्हणावी इतक्या साध्या साधनांनी कशी करू? आणि याला रोग म्हणायचं का?

शंकासुर
मला आधी हे सांगा, नरच नाहीत तर माद्या होतात कशा?

सूक्ष्मदर्शी
@शंकासुर, मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्या यांचं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे. फलित अंड्यातून मादी होते, न फळलेल्या अंड्यातून नर. म्हणजे नराकडे गुणसूत्रांचा एकच संच, मादीकडे दोन. ट्रायकोग्रामात वोल्बाकिया असला की न फळलेल्या अंड्याच्या पहिल्याच विभाजनात गुणसूत्रं दुप्पट होतात, पण त्यांची वाटणी होत नाही. एका संचाचे दोन झाले, म्हणजे झाली मादी. बापाशिवाय.

यामागे जीवाणूचा स्वार्थ सरळ आहे. शुक्रजंतू इतका लहान आणि सडसडीत असतो की त्यात जीवाणूला जागा नाही. अंड्यात भरपूर जागा आहे. त्यामुळे आई हा रस्ता आणि मुलगा ही बंद गल्ली. वोल्बाकियाच्या सगळ्या करामती या एका गोष्टीतून निघतात.

पाणकणीस, खात्रीची पद्धत १९९० पासून माहीत आहे. स्टाउथॅमर आणि सहकाऱ्यांनी अशा सर्व-मादी ट्रायकोग्रामांना प्रतिजैविक दिलं आणि नर परत आले. तापमान वाढवूनही तेच होतं. सविस्तर रात्री लिहितो.

भिंगवाला
अर्धा मिलिमीटरच्या माशीची मिशी तपासणाऱ्या तुमच्या डोळ्यांना आधी नमस्कार.

निवृत्त_मास्तर
माझं मत स्पष्ट आहे. हा परजीवीच. ट्रायकोग्रामात नुसतं मुलीच होणं आहे म्हणून गोड वाटतं. दोन ठिपक्यांच्या ढालकिड्याकडे, म्हणजे लेडीबर्ड बीटलकडे बघा. त्यात रिकेट्सिया, स्पायरोप्लाझ्मा, वोल्बाकिया असे निरनिराळे जीवाणू सापडले आहेत आणि तिन्ही मुलग्यांना गर्भातच मारतात. जो यजमानाची निम्मी पोरं मारतो त्याला सोबती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हिरवी_काडी
मास्तर, पण त्या मेलेल्या अंड्यांचं पुढे काय होतं? ढालकिड्याची नुकती फुटलेली पिल्लं शेजारची न फुटलेली अंडी खातात. म्हणजे भावाची अंडी बहिणींच्या पोटात जातात आणि पहिला मावा सापडेपर्यंत त्या तग धरतात. जीवाणू त्या बहिणींमध्येच आहे. क्रूर आहे, मान्य, पण हिशेब चुकलेला नाही.

निवृत्त_मास्तर
हिशेब जीवाणूचा चुकलेला नाही. बीटलिणीचा चुकला.

शब्दवेडी
थोडं विषयांतर करते. सगळी अडचण आपल्या 'सहजीवन' या शब्दात आहे. मराठीत सहजीवन म्हटलं की दोघं एकमेकांना जपताहेत असं चित्र उभं राहतं. अँटन द बारी याने १८७९ मध्ये 'सिम्बायोसिस' शब्द रूढ केला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की वेगवेगळ्या जातींचे जीव एकत्र राहतात. त्यात परजीवीही आले आणि उपकारीही. म्हणून मला 'सहवासी' बरा वाटतो. सहवास सुखाचा असतो किंवा नसतो, शब्द आधीच निकाल देत नाही.

रानवारा
सहवासी आवडला. आता मी स्वतः पाहिलेलं सांगतो.

शेंगवर्गीय वेलींवर हिरवट-तपकिरी, गोलसर, मणी चपटा केल्यासारखा एक ढेकूण असतो, मेगाकॉप्टा. त्याची मादी कोवळ्या शेंड्यावर अंडी घालते, दोन ओळींत, एकमेकींना चिकटून. पान उलटं करून भिंग लावलं तर अंड्यांच्या खाली मधूनमधून बारीक तपकिरी ठिपके दिसतात. मला आधी ती विष्ठा वाटली. त्या खरं तर पुड्या आहेत. आईच्या आतड्यातले जीवाणू भरून तिने त्या मुद्दाम अंड्यांखाली ठेवलेल्या असतात.

पिल्लं फुटली तेव्हा मी तासभर तिथंच उकिडवा बसलो होतो. बाहेर आलेलं पिल्लू शेंड्याकडे गेलंच नाही. मागे वळलं, सोंड खाली घातली आणि पुडी चोखत बसलं. पोट भरल्यावर सगळी एकत्र घोळका करून स्वस्थ. जपानमध्ये संशोधकांनी अशा पुड्या काढून घेतल्या तर पिल्लं अस्वस्थपणे शोधत भटकत राहिली. त्यांची वाढ खुंटली, बरीच मेली. या जीवाणूला कुणी रोग म्हणून दाखवावं.

निवृत्त_मास्तर
याला नाही म्हणणार. हा आईने हाताने दिलेला आहे.

हिरवी_काडी
माव्याचं तर याहून पुढचं आहे. माव्याच्या पोटात खास पेशी असतात आणि त्यांत बुखनेरा नावाचा जीवाणू खच्चून भरलेला. मावा दिवसभर पितो तो झाडाचा रस म्हणजे जवळजवळ नुसतं साखरपाणी. प्रथिनं बांधायला जी अत्यावश्यक अमिनो आम्लं लागतात ती त्यात अगदी थोडी. ती बुखनेरा बनवून देतो. प्रतिजैविक देऊन बुखनेरा मारला की मावा खुरटतो आणि पिल्लं जवळपास होतच नाहीत.

उलट बाजूही तशीच. २००० साली बुखनेराचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए वाचला गेला. साधारण ६ लाख ४० हजार अक्षरं, म्हणजे आपल्या आतड्यातल्या ई. कोलायच्या सातव्या हिश्श्याएवढा. कोट्यवधी वर्षं आईकडून लेकीकडे जाता जाता त्याने स्वतःची बहुतेक हत्यारं टाकून दिली. आता तो माव्याबाहेर जगू शकत नाही. आणि माव्याची मादी पिल्लांना जिवंत जन्म देते, त्या न जन्मलेल्या लेकीच्या पोटात पुढचे गर्भही तयार असतात. एका आजीच्या अंगात तीन पिढ्यांची माणसं आणि तिन्हींचे जीवाणू.

शंकासुर
मग सगळ्या माव्यांत एकच जीवाणू?

हिरवी_काडी
बुखनेरा जवळजवळ सगळ्यांत. त्याशिवाय काहींत जास्तीचे पाहुणे असतात, असले तर असले. वाटाण्यावरच्या माव्यात हॅमिल्टोनेला असला तर त्या माव्यात अंडं घालणाऱ्या परोपजीवी माशीची अळी आतच मरते. गंमत अशी की जीवाणू एकटा हे करत नाही. जीवाणूच्या आत एक विषाणू असतो आणि विष तयार करण्याची जनुकं त्या विषाणूची. विषाणू हरवला की संरक्षण गेलं.

शंकासुर
माव्यात जीवाणू, जीवाणूत विषाणू. एका अंगात किती बिऱ्हाडं!

सूक्ष्मदर्शी
@शंकासुर, पिठ्या ढेकणात तर जीवाणूच्या पोटात दुसरा जीवाणू राहतो. एकच अमिनो आम्ल बनवायला तिघांची जनुकं लागतात, काही पायऱ्या एकाच्या, काही दुसऱ्याच्या, काही खुद्द ढेकणाच्या.

पण पाणकणीसच्या प्रश्नाकडे परत येतो. ओळीने करा.

पहिलं, काळी पडलेली अंडी कार्डावरून ओल्या ब्रशने एकेक सुटी करा आणि एका नळीत एकच ठेवा. माशी एकटी जन्मली की कुठल्या नराशी गाठ पडायचा प्रश्नच नाही. तिला ताजी अंडी द्या. या कुमारिकेला मुलगे झाले तर तुमचं कल्चर साधंच होतं. मुलीच झाल्या तर बापाशिवाय प्रजनन पक्कं.

दुसरं, तेवढ्याने जीवाणू सिद्ध होत नाही. काही माश्यांत हे स्वतःच्याच जनुकांमुळे होतं. म्हणून निम्म्या माद्यांना मधात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घालून द्या, निम्म्यांना साधा मध. दोन्हीकडची संख्या सारखी हवी, नळ्यांवर चिठ्ठ्या आणि मोजणाऱ्याला कुठली नळी कुठली हे माहीत नको. औषधाच्या बाजूलाच नर आले तर जीवाणू. शेवटी पीसीआर, म्हणजे जीवाणूच्या डीएनएची चाचणी करून घेता आली तर उत्तमच.

आणि एक महत्त्वाची सूचना. हे कल्चर तुमच्या जुन्या कल्चरच्या जवळही ठेवू नका. पतंगाच्या एकाच अंड्यात लागण झालेली आणि न झालेली अळी शेजारी वाढली तर जीवाणू एकीकडून दुसरीकडे जातो. ट्रायकोग्रामात हे २००० साली दाखवलं गेलं. सहसा आईकडून लेकीकडे जाणारा हा पाहुणा इथे भिंत ओलांडतो.

पाणकणीस
शेवटचा मुद्दा वाचून पोटात गोळा आला. दोन्ही कल्चर एकाच कपाटात होती. आत्ता जाऊन वेगळी केली.

कोळीनृत्य
किड्यांचंच चाललंय, आमच्या आठपायांना विसरू नका. पानांमागच्या लाल कोळ्यांत, म्हणजे माइटमध्ये, वोल्बाकियाही आहे आणि कार्डिनियम नावाचा दुसरा एक जीवाणूही. माझा सर्वांत लाडका कोळी म्हणजे चपटा ब्रेव्हिपाल्पस. २००१ मध्ये त्याच्यावर जो शोधनिबंध आला त्याने मी थक्क झालो होतो. या जातीत सगळ्या माद्या, आणि त्यांच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच! सूक्ष्मदर्शींनी वर सांगितलं की एक संच म्हणजे नर. इथे जीवाणू संच दुप्पट करायच्या भानगडीत पडतच नाही, जो नर व्हायचा त्यालाच मादी करतो. प्रतिजैविक दिलं की नर दिसू लागतात.

गोचिडांतही पाहा. आयुष्यभर नुसतं रक्त पिणाऱ्याला ब जीवनसत्त्वं कुठून मिळणार? अनेक गोचिडांत ती आईकडून आलेले जीवाणू पुरवतात.

भिंगवाला
खाटेतल्या ढेकणाचंही तेच. आणि तिथे ब जीवनसत्त्व देणारा कोण, तर वोल्बाकिया! मास्तर, तुमचा खुनी इथे स्वयंपाकी आहे.

निवृत्त_मास्तर
हे मला माहीत नव्हतं. एकाच कुळातला जीवाणू इथे मुलगे मारतो आणि तिथे जेवण देतो?

सूक्ष्मदर्शी
हो. मुली वाढल्या की त्याचं काम झालं. जेवण देऊन वाढू देत नाहीतर भाऊ मारून.

डासवेध
सगळ्यांत गाजलेली करामत अजून कुणी सांगितली नाही. नर आणि मादी जुळत नाहीत ती. लागण झालेला नर निरोगी मादीला भेटला तर अंडी घातली जातात, पण फुटत नाहीत. मादीतही तोच जीवाणू असेल तर सगळं सुरळीत. नराच्या शुक्रजंतूवर जीवाणू विष लावून ठेवतो आणि उतारा फक्त लागण झालेल्या अंड्यात असतो असं समजा. या विषाची जनुकं २०१७ मध्ये हाती लागली, आणि तीही वोल्बाकियातल्या एका विषाणूच्या तुकड्यात.

इतिहास मोठा सुरस आहे. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बाख यांना क्युलेक्स डासाच्या अंडाशयात हा जीवाणू दिसला. तो काय करतो ते कुणालाच कळलं नाही. पुढे क्युलेक्सच्या काही वाणांचं आपसांत जुळत नाही हे लक्षात आलं. लावेन या शास्त्रज्ञाने त्याचा उपयोग करून म्यानमारमधल्या ओक्पो गावात न जुळणारे नर सोडले आणि तिथले डास संपवले. तो निबंध १९६७ चा. पण न जुळण्याचं कारण वोल्बाकिया आहे हे कळलं १९७१ मध्ये! कुलूप कसं चालतं हे न कळता दार उघडलं होतं.

गणिती
यात एक सुंदर आकडेमोड आहे. समजा लागण झालेली मादी थोडी अशक्त असते, १०० ऐवजी ९० पिल्लं देते. आणि न जुळणं पूर्ण आहे, एकही अंडं फुटत नाही.

वस्तीत ५ टक्के लागण असेल तर निरोगी मादीला १०० पैकी ५ वेळा चुकीचा नर भेटतो, तिची ९५ पिल्लं होतात. ९० विरुद्ध ९५, जीवाणू हरला. पुढच्या पिढीत लागण ५ वरून ४.७५ टक्क्यांवर येते आणि विझत जाते.

आता लागण ३० टक्के धरा. निरोगी मादीची ७० पिल्लं, लागण झालेलीची ९०. पुढच्या पिढीत लागण साधारण ३५.५ टक्के. तिथून ती वाढतच जाते. या उदाहरणात उंबरठा १० टक्क्यांचा. उंबरठ्याच्या अलीकडे जीवाणू मरतो, पलीकडे सगळी वस्ती त्याची. म्हणून वोल्बाकिया पसरवायला लागण झालेले डास सोडणारे एकदाच सोडून थांबत नाहीत, उंबरठा ओलांडेपर्यंत आठवडेच्या आठवडे सोडत राहतात.

शंकासुर
हे पहिल्यांदाच नीट समजलं. वहीत उतरवून घेतलं.

निशिगंधा
डासांबद्दल मला मनापासून भीती वाटते म्हणून विचारते. आधीच रोग पसरवणाऱ्या डासात आणखी एक जीवाणू भरून सोडायचा? उलटलं तर?

डासवेध
निशिगंधाताई, भीती रास्त आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्टाय डासात वोल्बाकिया सहसा आढळत नाही. २००८ मध्ये फळांवरच्या चिलटांवर काम करताना दिसलं की वोल्बाकिया असलेली चिलटं काही विषाणूंना दाद देत नाहीत. मग चिलटातला वोल्बाकिया बारीक सुईने एडिसच्या गर्भात सोडला गेला आणि त्या डासांत डेंग्यूचा विषाणू नीट वाढेना. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ असे डास पहिल्यांदा मोकळे सोडले. इंडोनेशियातल्या योग्यकर्तात शहराचे भाग पाडून रीतसर चाचणी झाली. २०२१ मध्ये आलेल्या निकालानुसार डास सोडलेल्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी होता आणि डेंग्यूने रुग्णालयात भरती होणं ८६ टक्क्यांनी.

वोल्बाकिया पेशीच्या आत राहणारा जीव आहे. डास चावल्याने तो माणसात वस्ती करत नाही. साधा क्युलेक्स तर पूर्वीपासून तो बाळगून आपल्याला चावत आलाय.

निशिगंधा
समजलं. तरी एकदा सोडला की परत बोलावता येत नाही हे माझ्या मनातून जात नाही. लोकांना विचारून, समजावून मगच हे व्हायला हवं.

डासवेध
याबाबत शंभर टक्के तुमच्याबरोबर. आणि कमतरताही सांगतो: चिलटातून आलेला हा वाण कडक उन्हात तापलेल्या पाण्यातल्या डासअळ्यांमध्ये रोडावतो. म्हणून मलेशियात उष्णता जास्त सोसणारा दुसरा वाण वापरला.

रानवारा
यजमान नुसता सोसत बसतो असंही नाही. मोठा चांदवा फुलपाखरू सगळ्यांनी पाहिलं असेल, काळ्या पंखांवर निळसर कडांचे पांढरे डाग. सामोआच्या बेटांवर वोल्बाकियाने त्याचे नर इतके मारले होते की २००१ मध्ये नर होते जेमतेम १ टक्का. २००६ पर्यंत ते ४० टक्क्यांच्या आसपास पोचले. जीवाणू गेला नव्हता. नरांना वाचवणारं जनुक फुलपाखरांत पसरलं होतं, तेही दहाएक पिढ्यांत.

सूक्ष्मदर्शी
आणि त्यापुढचं: नर मारता येईनात तेव्हा त्याच जीवाणूची दुसरी करामत उघडी पडली, वाचलेल्या नरांची निरोगी माद्यांशी अंडी फुटेनात.

निवृत्त_मास्तर
एकाच फुलपाखरात, दहा पिढ्यांत, खुनाकडून कपटाकडे. मी माझा शब्द मागे घेतो. परजीवी म्हणणंही अपुरं आहे. तो काय आहे हे विचारण्यापेक्षा तो कुणात आहे आणि तिथे मुली कशा वाढतात हे विचारायला हवं. शब्दवेडीताईंचा 'सहवासी' घेतो.

पाणकणीस
महिन्याने आले. सूक्ष्मदर्शी सर, तुम्ही सांगितलं तसंच केलं. एकेका नळीत जन्मलेल्या कुमारिकांना मुलीच झाल्या, सगळ्याच नळ्यांत. मग मध. चिठ्ठ्या मी लावल्या आणि मोजणी त्याच सहकाऱ्यांनी केली ज्यांना कल्चर टाकून द्यायचं होतं. साध्या मधाच्या नळ्यांत एकही नर नाही. औषधाच्या नळ्यांत पहिल्या दिवशी घातलेल्या अंड्यांतून माद्या निघाल्या, नंतरच्या अंड्यांतून झुपकेवाले नर.

जुनं कल्चरही तपासलं. नर-मादी पूर्वीसारखेच आहेत, कपाटातून काही ओलांडलेलं दिसत नाही. तरी आणखी दोन पिढ्या मोजणार आहे. कल्चर टाकलेलं नाही. आता दोन्हींची एकेक मादी किती अंडी काळी करते ते मोजायला घेतलंय. सर्व-मादी कल्चरमध्ये नरांवर अंडी वाया जात नाहीत, पण एकेकीचा वेग कमी निघाला तर तो फायदा बुडेल. आकडे आले की इथेच टाकते.

काल औषधाच्या एका नळीत एक माशी अशी निघाली की सहकाऱ्यांनी मला हाक मारून बोलावलं. डावी मिशी झुपकेदार, उजवी गदेसारखी. दोघंही बराच वेळ आळीपाळीने बघत होतो.

सूक्ष्मदर्शी
ती जपून अल्कोहोलमध्ये ठेवा! जीवाणू अर्धवट हटला की कधी कधी असं होतं, अंगाचा काही भाग नर, काही मादी. फोटो हवाच.

भिंगवाला
फोटो, फोटो!

पाणकणीस
आज संध्याकाळी काढते. डावी बाजू दिव्याकडे करून.